सॉफ्टवेअरच्या आधी टेपरेकॉर्डरकडे बघा

जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना त्यांची सरसर घालवायला महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का, असा प्रश्न आहे. माझ्या मते, आधी नको.

आमच्या फोंड्याच्या घरी चवथीला (गणेशचतुर्थीला) टेप केलेल्या घुमट आरत्यांच्या, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने गायलेल्या आरत्यांच्या कॅसेट होत्या. गोव्याच्या दमट हवेत बुरशी आलीच. पांढरे डाग दिसणारी कॅसेट तशीच वाजवू नका, बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) आणि पुढच्या कॅसेटवर जाते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा.

खरा फरक पडला तो हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने. हेडचा कोन मूळ रेकॉर्डिंगशी जुळला नाही तर वरचे स्वर दबतात, सरसर मात्र तेवढीच राहते. आवाज मोनो करून ऐकत स्क्रू अगदी किंचित फिरवा, कासाळे (आरतीतल्या मोठ्या झांजा) सर्वांत लख्ख वाजतील तिथे थांबा. डॉल्बी बी (टेपरेकॉर्डरमधली सरसर कमी करायची सोय) लावून कॅसेट टेप केलेली असेल तरच वाजवताना डॉल्बी लावा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, लाइन-इन (टेपरेकॉर्डरची वायर जोडायची जागा) असलेलं साधं यूएसबी साउंडकार्ड पुरतं.

मग ऑडॅसिटी हे आवाज सुधारायचं फुकटचं सॉफ्टवेअर. त्याच्या 'नॉइज रिडक्शन'ला दोन आरत्यांमधल्या शांत जागेतली सरसर नमुना म्हणून द्या आणि सरसर ६ डेसिबलने कमी करण्यापासून सुरुवात करा. 'रेसिड्यू' निवडलं की काय काढलं जातंय ते ऐकू येतं. त्यात कासाळ्यांची किणकिण आली, तर लगेच कमी करा. ती गेली तर आरतीचा जीवच जातो. सरसर न काढलेली मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा.