शनिवारचा वाढदिवस: खालच्या हॉलची सजावट घरच्या घरी

ए-१०२: नमस्कार. शनिवारी संध्याकाळी ६ वाजता सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये छोटीचा पहिला वाढदिवस आहे. साधारण ४० माणसं. डेकोरेटर नको, घरीच करायचं आहे. फुगे, कागद, काय काय लागेल? हाताशी दोन रात्री आहेत, त्याही स्वयंपाक आवरल्यावरच्या.

बी-६०४: वहिनी, सामान आणायच्या आधी भिंत बघून या. काय लावायचं हे नंतर ठरतं, आधी टांगायचं कुठे ते बघायचं. आपल्या हॉलमध्ये केक ठेवतात त्या भिंतीला दोन हूक आहेत, बाकी सगळा डिस्टेंपर. डिस्टेंपरची पूड सुटते, त्यावर कोणताच टेप धरत नाही. संध्याकाळी ५ला लावलेलं ६ला खाली येतं.

सचिव: आणि टेपबरोबर रंगाचे पोपडे निघतात. हॉलच्या भिंतीला सेलोटेप आणि फोमचा दुहेरी टेप लावायचा नाही, हा नियम आहेच. हूक, खिडकीचे गज, पडद्याचे दांडे वापरा. टेप लागलाच तर रंगारी लावतात तो कागदी टेप, तोही फक्त दाराच्या ऑइलपेंटवर. काढताना भिंतीला लगटून हळू मागे ओढायचा, सरळ समोर ओढायचा नाही.

सी-२०१: चारही भिंती सजवायच्या फंदात पडू नका. सगळे फोटो केकमागच्या भिंतीचेच निघतात. तेवढी एक भरगच्च करा, दाराला तोरण लावा, बस्स.

ए-१०२: त्या भिंतीला मागे काय लावू? सोनेरी झिरमिळ्यांचा पडदा मिळतो तो?

सी-२०१: तो फोटोत फ्लॅश परत मारतो, आणि पंख्याने गुंता होतो. साडी लावा. साडी साधारण साडेपाच मीटर लांब, पन्हा ११० सेंमीच्या आसपास. ती आडवी लावायची: दोन हुकांमध्ये दोरी ताणायची, साडीचा एक काठ दोरीवर घेऊन चुण्या घालत जायचं. २ मीटर दोरीत अख्खी साडी बसते आणि चुण्या छान दाट पडतात. दोरी जमिनीपासून १.८ मीटरवर ठेवा, म्हणजे खालचा काठ ७० सेंमीवर येतो. टेबल ७५चं आहे, काठ त्याच्या मागे लपतो. एका साडीत काम झालं.

ए-३०४: काकू, सेफ्टी पिना लावायच्या का?

सी-२०१: अजिबात नको, भोकं पडतात आणि जरीचा धागा ओढला जातो. कपडे वाळत घालायचे चिमटे, दर १५ सेंमीवर एक. वरून फुलं किंवा पताका आल्या की चिमटे दिसत नाहीत. सुती किंवा मऊ कॉटनसिल्क घ्या. जॉर्जेट घसरते, चुण्या एका बाजूला गोळा होतात. ठेवणीतली पैठणी तर नकोच, लहान मुलांचे केकचे हात तिथेच पुसले जाणार.

बी-६०४: सुतळी ताणूनही सैल पडते, मध्ये झोळ येतो. नायलॉनची दोरी घ्या. साडीसाठी ताठ ताण हवा, पताकांना झोळ हवा.

ए-१०२: पताका घरी करता येतील? मोठीला काहीतरी काम द्यायचंय, ती सात वर्षांची आहे.

ए-३०४: पताका तिचंच काम. ए-४ रंगीत कागद अर्धा करायचा, दोन तुकडे मिळतात, प्रत्येक साधारण १५ बाय २१ सेंमी. वरची २ सेंमी मागे दुमडायची, ती दोरीवर बसते. खालच्या कडेला मधोमध व्ही कापायचा, म्हणजे मासोळीच्या शेपटीसारखा आकार. त्रिकोण कापले तर कागद फार वाया जातो. हिशोब: पताका १५ आणि मधली मोकळी जागा ५, म्हणजे २० सेंमीला एक. १० मीटर दोरीला ५० पताका, २५ कागद. चार रंग घेतले तर प्रत्येकी सात आणा, तीन उरतील, ते चुकतील तेव्हा लागतील.

बी-६०४: झोळाचा हिशोब लोक हमखास चुकतात. ४ मीटरच्या अंतरात मध्ये अर्धा मीटर झोळ हवा असेल तर दोरी फक्त १५ ते २० सेंमी जास्त लागते. एक मीटर जादा सोडली की पताका डोक्याला लागतात. गाठींसाठी दोन्ही टोकांना ३० सेंमी वेगळी धरा.

सी-२०१: चिकटवायला खळ करा. २ मोठे चमचे मैदा पाव कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग पाऊण कप उकळतं पाणी ओतत ढवळायचं आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की झाली. आधीच गरम पाण्यात मैदा टाकला तर गोळे होतात, ते पुन्हा मोडत नाहीत. पूर्वी किडीसाठी त्यात मोरचूद घालायचे. तो विषारी आहे, मुलांच्या हातात खळ देणार असाल तर नाहीच घालायचा. उरलेली फ्रीजमध्ये, त्यावर चिठ्ठी लावून. नाहीतर कोणीतरी कढीत घालेल.

ए-३०४: 😂 खळ पातळ थरातच लावा. जाड लागली की कागद फुगतो आणि वाळल्यावर आक्रसतो.

ए-१०२: आणि ते कागदाचे गोल पंखे असतात ते? भिंतीवर लहानमोठे लावतात. मी एका ए-४ कागदाचा करून पाहिला, गोल पुरा होत नाही.

ए-३०४: होणारच नाही वहिनी. कागद आखूड बाजूला समांतर चुण्यांत दुमडून मध्ये बांधला की २१ सेंमी व्यासाचा गोल हवा. त्याचा परीघ जवळपास ६६ सेंमी. तुमच्या कागदाची कड दोन्ही बाजूंची मिळून ५९च. दोन कागद लागतात. प्रत्येकाला मधोमध दोरा बांधून दुमडायचा आणि आतल्या दोन कडा चिकटवायच्या. एका कागदाचा अर्धगोल होतो, दोन अर्धगोल जोडले की पंखा.

चुण्या मोजत बसू नका. कागद चार वेळा निम्मा-निम्मा दुमडा, १६ सारखे पट्टे पडतात. मग उघडून त्याच घड्या एक आत, एक बाहेर अशा फिरवा. मोठा ३० सेंमीचा हवा असेल तर लांब बाजूला समांतर दुमडायचं आणि तीन कागद घ्यायचे.

ए-१०२: कार्डशीटचे केले तर टिकतील ना?

ए-३०४: घडीवर तडकतात. पतंगाचा कागद घेतला तर कोसळतात. साधा झेरॉक्सचा रंगीत कागद सगळ्यात बरा. जोडल्यावर पंखा छत्रीसारखा वर उचलला जातो, तेव्हा मागून मध्यावर ५ सेंमीची पुठ्ठ्याची चकती फेविकॉलने लावा आणि वर जाड पुस्तक ठेवून अर्धा तास सोडा. त्याच चकतीत दोरा ओवून साडीच्या दोरीला टांगता येतो, भिंतीला हात लावायची गरज नाही.

सी-४०२: नावासाठी थर्माकोलची अक्षरं मी कापून देऊ शकतो, माझ्याकडे गरम तारेचा कटर आहे.

सचिव: थर्माकोल नको. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८पासून राज्यात बंदी आहे.

सी-४०२: मग खोक्याच्या पुठ्ठ्यातून करू. मराठी नावाला एक सोय आहे: शिरोरेषा ४ सेंमी रुंद ठेवायची आणि सगळं नाव एकाच तुकड्यात कापायचं. अक्षरं तिलाच लटकतात, एकेक ओवावं लागत नाही. अक्षर २५ सेंमी उंच, रेघ ५ सेंमी जाड. उकार आणि वेलांटी नेहमी तिथेच तुटतात, त्यामुळे त्या अडीच सेंमीपेक्षा बारीक करायच्या नाहीत. अनुस्वार सुटा राहतो, तो मागून टूथपिकने जोडायचा. वर घोटीव कागद चिकटवा, कडा १ सेंमी मागे दुमडून.

ए-१०२: दादा, हे तुम्हीच करा 🙏 नाव पाठवते. आता फुगे. १०० पुरतील?

बी-६०४: पुरतील. कागद आणि पुठ्ठ्याने भागेल असं माझं मत, पण एक वर्षाच्या वाढदिवसाला फुगे नाहीत म्हटलं तर आजी रुसतील. ६ फुटांच्या एका माळेला १० इंची फुगे ४८ आणि ५ इंची २० घ्या. १० इंची पूर्ण फुगवायचे नाहीत, ८ इंचांवर थांबायचं. पूर्ण फुगवला की नासपतीसारखा लांबुळका होतो आणि माळ करताना दाबला की फुटतो. खोक्यात २० सेंमीचं भोक कापा, प्रत्येक फुगा त्यातून घालून बघा. मापं सारखी आली की माळ सरळ दिसते.

दोन फुग्यांच्या माना एकमेकांना बांधल्या की जोडी. दोन जोड्या एकमेकांवर ठेवून पीळ दिला की चौकडी. अशा १२ चौकड्या दोरीवर एकामागून एक गुंडाळून घट्ट सरकवायच्या. फटीत ५ इंची. दहा टक्के फुटतात हे धरूनच चालायचं. हातपंप घ्या, तोंडाने ६८ फुगे म्हणजे चक्कर येईल.

ए-३०४: शुक्रवारी रात्री केले तर शनिवारी टिकतात?

बी-६०४: घरात, पंख्यापासून दूर ठेवले तर हो. उन्हात ठेवले की लॅटेक्स दुधाळ होतं आणि पटापट फुटतं. आणि हॉलमधले पंखे लक्षात ठेवा. पंख्याच्या पात्याखाली आणि आजूबाजूला काहीच लटकवायचं नाही. माळ पंख्याच्या वाऱ्याने हलते, खडबडीत भिंतीला घासते, फुटते.

सी-२०१: बाळ रांगतंय, वहिनी. फुगे १.२ मीटरच्या वर बांधा. फुटलेला तुकडा पडला की लगेच उचलायचा, लहान मूल तो तोंडात घालतं आणि घशात अडकतो.

सचिव: गॅसचे फुगे बाहेरच्या फुगेवाल्याकडून आणू नका. बऱ्याचदा त्यात हायड्रोजन असतो, मेणबत्तीजवळ भडका उडतो. फेस उडवणारे स्प्रेही नकोत, त्यातला वायूही पेट घेऊ शकतो आणि मुलं नेमकी मेणबत्तीच्या वेळीच उडवतात. चमकीचे पॉपरसुद्धा नको, ती चमकी गटाराच्या जाळीत अडकते.

ए-१०२: नोंद केली. क्रेप पेपर घेऊ का आणखी?

सी-२०१: दाराच्या चौकटीपुरता घ्या. घडी न उघडताच ५ सेंमीचे काप घ्या, लांबलचक पट्ट्या मिळतात. दर हातभर अंतरावर एक पीळ. मात्र ओढून लावू नका, क्रेप लांबीला ताणला जातो, दोन तासांत लोंबतो. आणि ओल्या हाताने नको, रंग भिंतीला लागतो. तोच जिन्याच्या चुन्याला लागला तर सचिव तुमच्याकडूनच रंग लावून घेतील.

सचिव: अगदी.

सी-४०२: दाराला झेंडूचं तोरण का नाही? देठातून ओवलं तर मीटरला ३०-३५ फुलं. रात्री ओल्या पंचात गुंडाळून ठेवलं की सकाळपर्यंत ताजं राहतं.

ए-१०२: तेच करते, क्रेप रद्द. मग हिशोब असा: साडी १, नायलॉन दोरी, रंगीत कागद पताकांना २८ आणि सहा छोट्या पंख्यांना १२, फुगे १००, झेंडू. आज रात्री पताका आणि पंखे, उद्या रात्री फुगे.

सी-४०२: शुक्रवारी ८ वाजता नाव घेऊन येतो, फेविकॉल वाळायला रात्र हवी.

सचिव: हॉल शनिवारी दुपारी २पासून तुमचा. किल्ली वॉचमनकडे. खुर्चीवर खुर्ची ठेवून चढू नका, शिडी मीटर रूममध्ये आहे.

सी-२०१: आणि कात्री परत द्या सगळ्यांनी, मागच्या हळदीकुंकवाला माझी गेली ती अजून आली नाही.