मदत हवी आहे: फ्युएल इंजेक्शन बसवल्यावर रिलेंचं जंजाळ कमी कसं करावं?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६०च्या दशकातली चार सिलिंडरची गाडी आहे. मूळची कार्ब्युरेटर आणि डायनामोवाली. आधीच्या मालकांनी अल्टरनेटर आणि रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावून ठेवला होता, मी थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (कार्ब्युरेटरच्या जागी बसणारं फ्युएल इंजेक्शन) बसवून घेतलं. इंजिन आता फार सुरेख चालतं. दुखणं आहे ते वायरिंगचं. काम करणाऱ्यांनी जुनं काहीच काढलं नाही, नवं काही आलं की शेजारी आणखी एक रिले (छोट्या विजेने मोठी वीज जोडणारा स्विच) ठोकला. बॅटरीजवळच्या पत्र्यावर आज सहा रिले आहेत: ईसीयूचा (इंजेक्शन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) मेन, पेट्रोलच्या नव्या पंपाचा, जुन्या पंपाचा (तो पंप गाडीत आता नाहीच), इग्निशन कॉइलचा, पंख्याचा आणि हेडलाइटचा. बहुतेक तारा लालच, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

मल्टिमीटर घेऊन एकेक तार शोधत कागदावर नकाशा काढला. सगळ्यात चकित करणारी गोष्ट पंपाची निघाली. नव्या पंपाच्या रिलेच्या ३० नंबरला (वीज आत येते त्या पिनेला) येणारी वीज थेट बॅटरीवरून येत नाही, ती जुन्या पंपाच्या रिलेतून फिरून येते. तो जुना रिले ऑइल प्रेशर स्विचवर चालतो. म्हणजे चावी फिरवली की ईसीयू हुकूम देतो, रिले ‘टक्’ वाजतो, पण पंपाची ती दोनेक सेकंदांची गुरगुर ऐकू येत नाही, कारण ऑइल प्रेशर शून्य असताना वरून वीजच आलेली नसते. सेल्फ मारत राहिलं, ऑइलचं प्रेशर चढलं, की मग पेट्रोल येतं. सकाळी गाडी उशिरा का उठते याचं उत्तर इथेच असावं.

दुसरी तक्रार वेगळी. चावी बंद केली तरी इंजिन कधी कधी क्षणभर चालू राहतं. हे फक्त पंखा फिरत असतानाच होतं. पंखा बंद असेल तर इंजिन जागच्या जागी थांबतं. नकाशात पंख्याच्या रिलेचा ३० नंबर आणि त्याच रिलेच्या कॉइलची (रिले ओढून धरणाऱ्या वेटोळ्याची) वीज, दोन्ही मेन रिलेच्या ८७ वरून (वीज बाहेर जाते त्या पिनेवरून) घेतलेली दिसतात.

मला मेन, पंप आणि पंखा एवढे तीनच रिले ठेवायचे आहेत. हेडलाइटचा व्यवस्थित आहे, त्याला हात लावणार नाही. मूळ हार्नेसही (तारांचा जुडगा) कापायचा नाही; उद्या गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली, तर त्याला रस्त्याच्या कडेला उभं राहून फॉल्ट सापडला पाहिजे. ऑइल प्रेशर स्विच पंपाच्या वाटेतून काढला तर अपघातात पंप चालू राहण्याचा धोका आहे का? इग्निशन कॉइलला वेगळा रिले खरंच लागतो का? आणि चावी बंद केल्यावर इंजिन चालू राहतं ते कशामुळे?

प्रतिसाद

नकाशा काढलात हे उत्तम केलंत, निम्मं काम तिथेच झालं.

आधी पंखा. फिरणारी मोटर जनरेटरसारखी वीज बनवते. तुम्ही चावी बंद करता, पण पंख्याची वीज त्याच्याच जोडलेल्या रिलेतून उलटी मेनच्या ८७ वर येते आणि ईसीयू जिवंत राहतो. पंख्याच्या रिलेची कॉइलही त्याच विजेवर धरून राहते, म्हणून तो सुटत नाही. पंख्याच्या रिलेचा ३० नंबर वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर न्या. मग त्या रिलेच्या ८७ वर पंख्याशिवाय काही राहणार नाही आणि उलटी वाट बंद होईल. अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्यातूनही अशीच वीज इग्निशनच्या तारेवर येऊ शकते, पण मग पंखा बंद असतानाही इंजिन रेंगाळलं असतं. तुमच्याकडे तसं होत नाही, त्यामुळे दिव्याच्या तारेत डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) घालायच्या भानगडीत सध्या पडू नका.

ऑइल स्विच पंपाच्या वाटेतून खुशाल काढा. इंजिन फिरत असल्याचे पल्स थांबले की ईसीयू स्वतःच पंप तोडतो. मात्र इंजिन चालूच राहील अशी धडकही असते, म्हणून इनर्शिया स्विच (जोराचा धक्का बसला की वीज तोडणारा) बसवा. तो पंपाच्या रिलेच्या कॉइलच्या वाटेत ठेवला की जड करंट त्यातून जात नाही. पंपाच्या ३० ला बॅटरीवरून स्वतःचा फ्यूज द्या, रिलेच्या कॉइलच्या दोन पिनांपैकी ८६ ला मेनच्या ८७ वरून वीज आणि ८५ ईसीयूकडे, कारण बहुतेक ईसीयू अर्थची बाजू जोडतात. रिलेच्या आत डायोड असेल तर ८५ आणि ८६ची अदलाबदल अजिबात नको.

इग्निशन कॉइलला वेगळा रिले नको. मेनच्या ८७ वरून, स्वतःच्या फ्यूजमधून द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार! आत्ताच पंख्याचा फ्यूज काढून बघितलं, इंजिन गरम असूनही चावीबरोबर लगेच थांबलं. एकच शंका: मेन रिलेच्या ८६ ला सिग्नल कुठून घेऊ? सध्या तो जुन्या इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरून आहे आणि तिथे बॅलस्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारं व्होल्टेज कमी करणारा) अजून आहे.

प्रतिसाद

तिथून नको. रेझिस्टरच्या अलीकडे, चावीच्या बाजूला घ्या. पुढे व्होल्टेज पडतं आणि सेल्फच्या वेळी तर बॅटरीच खाली गेलेली असते. कायम करण्याआधी मल्टिमीटर लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काही चाव्यांमध्ये ॲक्सेसरीचं टर्मिनल सेल्फच्या वेळी मरतं, ते निवडलंत तर सेल्फ लागताक्षणी ईसीयू बंद होईल. चालू आणि सेल्फ, दोन्ही जागी जिवंत राहणारी तारच घ्या.