मिल्टन ह्युमेसन : मदतनीस की खगोलशास्त्रज्ञ?

मृगशीर्ष :
आमच्या आकाशदर्शन मंडळात शाळकरी मुलांपुढे मी मिल्टन ह्युमेसन यांच्याविषयी बोलणार आहे. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला, कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर खेचरांच्या पाठीवरून वेधशाळेचे सामान चढवणारा हा मुलगा पुढे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचा सहकारी झाला. मंडळातील एका ज्येष्ठांचे म्हणणे असे, की ते केवळ मदतनीस होते, शास्त्र हबल यांचेच. हे कितपत योग्य आहे?

रात्रपाळी :
सुरुवात मदतनीस म्हणूनच झाली. मधली काही वर्षे माळीकाम करून १९१७ मध्ये ते वेधशाळेत झाडलोटीला लागले. रात्री निरीक्षकांच्या हाताखाली काम करता करता छायाचित्रण शिकले आणि १९१९ मध्ये संचालक जॉर्ज हेल यांनी, पदवी नसल्याबद्दलचे आक्षेप बाजूला सारून, त्यांना वेधशाळेच्या वैज्ञानिकांत घेतले.

मुलांना मात्र एनजीसी ७६१९ या दीर्घिकेची गोष्ट अवश्य सांगा. तिचा प्रकाश इतका क्षीण, की १०० इंची दुर्बिणीलाही तिचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचा रंगांत विभागलेला पट्टा, एका रात्रीत मिळेना. उजाडण्यापूर्वी छायाचित्राची काच अंधारात झाकून ठेवायची, दुसऱ्या रात्री तीच पुन्हा बसवायची आणि गारठलेल्या घुमटात नेत्रिकेला डोळा लावून, तो अंधूक ठिपका वर्णपटमापकाच्या बारीक फटीवरून घसरू न देता तासन्‌तास बसायचे. एका काचेला ३३ तास लागले, दुसरीला ४५. त्यांवरील शोषणरेषा, म्हणजे ठरावीक रंग शोषले गेल्याने वर्णपटात पडणाऱ्या रेषा, तांबड्या टोकाकडे किती सरकल्या हे मोजून त्यांनी दीर्घिकेचा आपल्यापासून दूर जाण्याचा सेकंदाला ३,७७९ किलोमीटर हा वेग काढला. तोवर मोजलेल्या सर्वांत मोठ्या वेगाच्या तो सुमारे दुप्पट होता. हा निबंध १९२९ मध्ये त्यांच्या एकट्याच्या नावावर प्रसिद्ध झाला. याला मदत म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जुनी काच :
वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो : दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने दूर जाते, हे नाते हबल यांनी त्याच वर्षी ज्या निबंधात मांडले, त्यातील बहुतेक वेग खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी आधी मोजलेले होते, तेव्हा तेही ह्युमेसन यांच्या खात्यावर टाकू नका. त्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे. १९३१ पर्यंत ते सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगाच्या दीर्घिकांपर्यंत पोहोचले आणि अंतर व वेग यांचे ते नाते तेथेही टिकते हे दिसले. मेयाल आणि सँडेज या खगोलशास्त्रज्ञांसह १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा वेगांच्या यादीत तर आठशेहून अधिक दीर्घिका आहेत.

मृगशीर्ष :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. खेचरांपासून सुरुवात करीन, पण अधिक वेळ त्या ४५ तासांच्या काचेला देईन. त्यांना पुढे एखादी पदवी मिळाली का?

रात्रपाळी :
होय, १९५० मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.