पुढच्या चाकात करकर: कोन (छर्रे दाबून धरणारा निमुळता नट) आवळला की चाक जड, सोडला की डुगडुग

खानापूरहून प्रश्न:
28 इंची साधी सायकल आहे. पुढच्या चाकात छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) नवे टाकले, ग्रीसही भरलं. तरी करकर आहेच, आणि वरचा नट आवळला की चाक जड होतंय, जरा सोडला की रिम डुगडुगतेय. चूक छर्‍यांत की आवळण्यात?

शहापूर, बेळगाव:
जड-सैल होतंय ते आवळण्यामुळे. लॉकनट (तुमचा वरचा नट) कोनला आत दाबतो, आट्यांतली फट मिटते आणि मघाशी बरोबर वाटलेला कोन घट्ट होतो. म्हणून कोन हाताने टेकेपर्यंत आणा आणि किंचित मागे घ्या. मग पातळ कोन-पान्याने (बहुतेक 13चा) कोन जागेवर धरून दुसऱ्या पान्याने लॉकनट आवळा. धरलेला कोन फिरला तर पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन खेपा होतातच, मेस्त्रीलाही. चाक उचलून वॉल्व्ह आडवा ठेवून सोडा. ते आपोआप झोके घेत थांबलं आणि रिम बाजूला हलली नाही, तर जमलं. क्विक रिलीजच्या (नटाऐवजी लिव्हरने आवळायच्या) चाकाला मात्र अगदी थोडी ढील ठेवायची, लिव्हर दाबल्यावर ती जाते.

निपाणी:
पण करकर नुसत्या आवळण्याने जाणार नाही. कोन पुसून उजेडात धरा. छर्रे फिरतात ती चकचकीत रेघ दिसेल, तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खड्डा पडलाय, तो कोन टाकायचाच. कपापेक्षा (चाकाच्या मध्यभागातली, म्हणजे हबातली, छर्रे बसायची वाटी) आधी कोन जातो, कारण त्याचा घेर लहान, दाब थोड्याच जागेवर येतो. छर्रे पुढे 3/16 इंची, एका बाजूला 10. मागे 1/4 इंची, 9. जागा दिसते म्हणून अकरावा कोंबू नका. जुने-नवेही मिसळू नका, झिजलेले मोकळे राहतात आणि भार नव्यांवर येतो.

नंदगड:
भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडचा तांबडा चिखल हबात शिरतो, तो ग्रीसमध्ये कालवला की पॉलिशच्या मसाल्यासारखा घासतो. जुनं ग्रीस रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच नवं भरा. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली हब धरू नका. आणि फ्रीव्हीलमध्ये (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीत) ग्रीस नको, आतले कुत्रे (दात्यांत अडकणारे खटके) चिकटतात. तिथे पातळ तेल.

खानापूर:
नख दोन ठिकाणी अडकलं. दोन्ही कोन बदलतो.

निपाणी:
जुना कोन दुकानात घेऊन जा. आटे आणि छर्रे टेकतात तिथलं वळण जुळवूनच घ्या, नुसतं 'पुढचा कोन' म्हटलं तर हाताला येईल तो देतात.