मदत हवी आहे: व्यापार वाढला की सोलणाऱ्या बायकांना काय मिळतं, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,
अभ्यासगटासाठी टिपण लिहायला घेतलंय आणि मध्येच अडकलेय. निर्यातीच्या मासळी, काजू, फळांच्या कारखान्यांत सोलणं, निवडणं, भरणं ही हातकामं बहुतेक बायकाच करतात. व्यापार वाढल्याने त्यांचं भलं होतं का, एवढाच प्रश्न होता. वाटलं होतं, चार उदाहरणं वाचली की उत्तर सापडेल.

अडकले ती कोळंबीपाशी. उत्तर समुद्रातली बारीक तपकिरी कोळंबी पूर्वी नेदरलँड्समधल्या बायका घरी बसून सोलायच्या. स्वच्छतेचे नियम कडक झाले आणि घरचं सोलणं बंद पडलं. आता तीच कोळंबी बर्फात घालून ट्रकने मोरोक्कोला जाते, तिथल्या बायका ती हाताने सोलतात आणि सोललेला माल विकायला परत युरोपात येतो. एकीचं घरबसल्याचं काम गेलं, दुसरीला कारखान्यात मिळालं, तेही तिची मजुरी कमी म्हणून. याला ‘व्यापाराने रोजगार दिला’ म्हणायचं का? ते वाक्य मी दोनदा लिहून खोडलं.

मोझांबिकमध्ये उलटं झालं. 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहावरून कच्च्या काजूच्या निर्यातीवरची बंधनं सैल केली गेली. शेतकऱ्याला बरा भाव मिळेल, हा हेतू. पण कच्चा काजू फोडायला भारतात जाऊ लागला, मोझांबिकचे कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. भारतातही काजू सोलतात त्या बायकाच, आणि टरफलातल्या तेलाने हात भाजतात ते वेगळंच.

1997 मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून बांगलादेशची कोळंबी काही महिने घेतली नाही. नियम गरजेचेच आहेत, खाणाऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे. पण अशा बंदीत सोलणारीच्या बुडालेल्या रोजाचा हिशोब कुठे धरतात?

तर विचारायचं ते हे: नोकऱ्यांच्या आकड्याखेरीज काय बघू? आणि यंत्र आल्यामुळे बायका कमी झाल्या तर ते व्यापाराच्या खात्यावर मांडायचं की नाही?

प्रतिसाद १
मजुरी किलोवर आहे की दिवसावर, हे सगळ्यात आधी बघा. किलोवर असेल तर माल आला नाही, ऑर्डर रद्द झाली, तुकडा पडला म्हणून गर नाकारला, यातलं प्रत्येक नुकसान थेट तिच्या हातावर येतं. दिवसावर असेल तर थोडं तरी मालक सोसतो. घरी सोलायला नेणाऱ्या बायका तर नोंदीतच नसतात. अशा घरी बसून मजुरीचं काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1996 चा 177 क्रमांकाचा करार आहे, पण तो मान्य केलेले देश फार थोडे.
यंत्राबद्दल: ते चालवायला कोणाला बसवलं, एवढं विचारा. बरेचदा पुरुषाला.
शुल्कही तपासा. अनेक श्रीमंत देश कच्च्या मालावर कमी आणि प्रक्रिया केलेल्या मालावर जास्त आयात शुल्क लावतात. मग सोलण्या-भरण्याचं काम मूळ देशात उभंच राहत नाही. न मिळालेली नोकरी कोणी मोजत नाही.

धागाकर्ती
मनापासून आभार. किलो की दिवस, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोरोक्कोचा परिच्छेद आता त्या प्रश्नापासून नव्याने लिहिते. इथे कोणी स्वतः असं काम केलं असेल तर नाकारलेल्या मालाचे पैसे कसे कापतात, तेवढं जरूर सांगा.