पायऱ्यांना गुण द्यायलाच हवेत

शेवटचे उत्तर चुकल्यास नववी-दहावीच्या भूमितीत गुण देऊ नयेत, हे आपले मत मला पटत नाही. आमच्या पुण्यातील राज्य मंडळाच्या शाळांत दहावीचा गणित भाग २, म्हणजे भूमितीचा पेपर ४० गुणांचा असतो, तितकाच बीजगणिताचा, आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रमेयाच्या उत्तरात पक्ष (दिलेली माहिती), साध्य (जे सिद्ध करायचे ते), रचना आणि सिद्धता हे टप्पे असतात. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याने नीट आकृती काढून दोन त्रिकोण कोणत्या कसोटीने समरूप ठरतात हे कारणासह लिहिले, पण पुढे गुणोत्तर मांडताना बाजूंचा क्रम चुकवला, त्याला कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे. उलट, कारण न देता नुसते बरोबर उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळू नयेत, याबाबत मी आपल्याइतकाच आग्रही आहे. भौमितिक रचनेत तर कंपासचे कंस हाच पुरावा असतो; स्वच्छतेच्या नावाखाली मुले ते पुसतात आणि गुण गमावतात, म्हणून ते राखण्याची अपेक्षा जूनमध्येच, पालकांनाही वाचता येईल अशी, लेखी द्यावी.