दोन ओ वाला 'टू' म्हणजे नक्की काय?

सातवीची_आई:
मुलीच्या वहीत 'आय ॲम टू हॅपी टुडे' होतं, बाईंनी टू खोडून वर व्हेरी लिहिलं. ती विचारते टू म्हणजे खूपच ना, मग चुकलं कुठे, आणि मला खरंच सांगता येईना. आणि 'मी टू' मधला टू वेगळा शब्द आहे का? कोणीतरी नीट समजावा प्लीज.

क्लासवाली:
ताई, बाईंचं बरोबर आहे. व्हेरी म्हणजे खूप, टू म्हणजे नको तेवढं, ज्यामुळे काहीतरी अडतंय. चहा व्हेरी हॉट म्हणजे मस्त गरमागरम, टू हॉट म्हणजे तोंडाला लावता येत नाही, बशीत ओता. आपली मुलं इथेच अडकतात कारण आपण दोन्हीकडे 'फार' म्हणतो, भाजी फार छान झालीय आणि भाजीत मीठ फार झालंय. तिला सांगा, मिठासारखं 'फार' असेल तिथे टू.

शब्दवेडा:
मुळाचं सांगतो, मला हे फार आवडतं. एक ओ वाला आणि दोन ओ वाला टू मुळात एकच. जुन्या इंग्रजीत लांब ओ चा 'टो' होता, अर्थ 'कडे', शिवाय 'वर आणखी' आणि 'प्रमाणाबाहेर' पण. मी टू मधलं 'पण' ते हेच 'वर आणखी', आणि वर आणखी घालत गेलं की जास्त होतंच ना! जोर देऊन म्हणायचा तो लांब राहिला, बिनजोराचा आखडून नुसता 'ट' सारखा झाला, आणि 16व्या शतकात जोरवाल्याला दोन ओ मिळाले. जर्मनमध्ये अजून दोन्हीला एकच 'त्सू' आहे, 'त्सू मिर' म्हणजे माझ्याकडे, 'त्सू ग्रोस' म्हणजे नको तेवढं मोठं. म्हणजे 'टू हॉट टू ड्रिंक' मध्ये एकच शब्द दोनदा येतो बघा. आकड्यातला टू मात्र वेगळ्या घरचा, त्यातला डब्ल्यू आता ऐकू येत नाही पण ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन मध्ये येतो.

पुणे_३०:
एक राहिलं, 'ओन्ली टू हॅपी टू हेल्प' हे बरोबर इंग्रजी आहे हं, तिथे अर्थ 'अगदी आनंदाने'. म्हणजे टू हॅपी दिसलं की लगेच खोडायचं असं नाही. पण सातवीच्या पेपरात व्हेरीच लिहू दे.

सातवीची_आई:
सगळ्यांना मनापासून थँक्यू! मिठाचं लगेच पटलं तिला. आत्ता ताटावर बसून म्हणाली, 'धिस पोळी इज टू हॉट टू टच.'